नीट घास म्हणजे हळू घास

माठातल्या पाण्याचा पहिलाच घोट, आणि वरच्या डाव्या सुळ्यातून कळ थेट कानशिलात गेली. दात किडला असणार, या धास्तीने मी दंतवैद्यांकडे गेले.

डॉक्टरांनी एकेका दाताच्या मुळाशी हवेची बारीक फुंकर मारली. सुळा आणि त्याच्या शेजारचा दात, दोन्ही ठिकाणी मी दचकले. मग त्यांनी आरसा धरला. हिरडी वर सरकली होती आणि तिच्या कडेला पिवळसर खाच पडली होती. ‘‘कीड नाही. आतलं डेंटिन उघडं पडलंय.’’

दातावरचं एनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. त्याला संवेदना नसते. मुळावर मात्र सिमेंटमचा पातळ थर असतो आणि तो लवकर झिजतो. खालच्या डेंटिनमध्ये असंख्य सूक्ष्म नलिका असतात, त्यांत द्रव असतो. गार किंवा गोड लागलं की तो द्रव हलतो आणि आतली नस चेतते. ही कळ क्षणात ओसरते. ती रेंगाळली किंवा झोपेतून उठवू लागली, तर दुखणं खोलवरचं समजावं आणि लगेच दाखवावं.

त्यांनी माझ्या हाती ब्रश दिला. ‘‘घरी घासता तसं घासून दाखवा.’’ मी मूठ आवळून खसाखसा आडवे हात मारले. उजव्या हाताचा सगळा जोर डाव्या सुळ्यावर पडत होता. खाच तिथेच होती. लहानपणापासून ‘नीट घास’चा अर्थ मी ‘जोरात घास’ असाच घेतला होता.

दात कोरडे करून त्यांनी त्या दोन दातांना फ्लोराइडचं चिकट वार्निश लावलं. घरी मऊ ब्रश, तोही पेनासारखा धरायचा आणि हिरडीकडून दाताकडे हलकेच फिरवायचा. नस शांत करणारी पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट दिवसातून दोनदा; गुण यायला दोन ते चार आठवडे. चिंच खाल्ली की दात आंबतात, हे आपल्याला ठाऊक असतं. पण आम्लाने एनॅमल मऊ पडतं, म्हणून लिंबू सरबतानंतर नुसती चूळ भरायची आणि निदान अर्धा तास ब्रश लावायचा नाही, हे मला तिथे कळलं.

तिसऱ्या आठवड्यात माठाचं पाणी पुन्हा सुखाने प्यायले. सरकलेली हिरडी आपोआप खाली येत नाही. आहे ती जपायची. सकाळी मुलीच्या हातात ब्रश देताना आता मी ‘हळू’ म्हणते आणि तिची मूठ सैल होईपर्यंत शेजारी उभी राहते.