तुम्हाला काय आवडतं हो?

गेल्या वर्षी आमच्या सासूबाईंचा दहावा होता. नदीकाठी घाटावर सगळी मंडळी जमली होती. लोणी काळभोरसारख्या गावात दहाव्याला निम्मं गाव येतं, तसं आलं होतं. प्रवचन झालं, पिंड ठेवले आणि आम्ही सगळे मागं सरून कावळ्याची वाट पाहत उभे राहिलो. पानावर भात-वरण होतं, लाडू होता, कपात चहा होता. कोणीतरी आठवणीनं मिसरीची डबीही ठेवली होती. समोरच्या झाडावर चार-पाच कावळे बसलेले दिसत होते, पण एकही खाली येईना.

अशा वेळी काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असेल, काही आवडीचं ठेवायचं राहिलं असेल, असं म्हणून जो तो सुचवू लागतो. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "पुरणपोळी ठेवायला हवी होती. आत्याबाईंना पुरणपोळी फार आवडायची."

त्यावर वन्सं म्हणाल्या, "अहो वहिनी, आईला पुरण कुठं सोसत होतं? आबांना लागायचं म्हणून ती पाट्यावर वाटत बसायची. स्वतः अर्धी पोळीसुद्धा खायची नाही."

"मग श्रीखंड?" धाकटे भावजी म्हणाले.

"श्रीखंड तुला आवडतं."

सगळे गप्प झाले. तीन मुलगे, एक मुलगी, तीन सुना, आठ नातवंडं. बावीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली त्याच स्वयंपाकघरात वावरले. कोणाला भाजीत गूळ चालत नाही, कोणाला पोळीला तेल हवं, कोणाचा चहा बिनसाखरेचा, हे सगळं मी त्यांच्याकडूनच शिकले. पण त्यांना स्वतःला काय आवडत होतं, ते मला सांगता येईना.

शेवटी शेजारच्या म्हाताऱ्या मावशी पुढं आल्या. म्हणाल्या, "तिला हुलग्याची शेंगोळी आवडायची गं. तुमच्या सासऱ्यांना हुलग्याचा वास चालत नव्हता, म्हणून तुमच्या घरात कधी शिजली नाहीत. माझ्याकडं यायची, वाटीभर खायची आणि पदरानं तोंड पुसून घरी जायची."

आता घाटावर शेंगोळी कुठून आणायची? बराच वेळ गेला, ऊन चढलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि आम्ही घरी आलो. कावळ्याचं कोणी मानतं, कोणी मानत नाही. माझं म्हणणं वेगळंच आहे. जो प्रश्न आम्ही त्या दिवशी कावळ्याला विचारत होतो, तो सासूबाईंना त्या जिवंत असताना एकदाही विचारला नव्हता.

दोनदाच विचारतात

विचार करता करता माझ्या लक्षात आलं, की आपल्याकडं बाईला तिची आवड हौसेनं विचारायची वेळ आयुष्यात दोनदाच येते. एकदा डोहाळ्यांत आणि एकदा दहाव्याला. दुसऱ्या वेळी तर उत्तर द्यायला ती नसतेच.

डोहाळ्यांचं कौतुक काही आजचं नाही. कालिदासाच्या रघुवंशात दिलीप राजाची राणी सुदक्षिणा गरोदर असते. ती लाजेनं काही बोलत नाही, म्हणून राजा तिच्या सख्यांना पुन्हा पुन्हा विचारतो, हिला काय हवंसं वाटतं? सुदक्षिणेला हवी असते माती! ती मातीही राजाला गोड वाटते. आणि रामायणाच्या उत्तरकांडात काय झालं? रामानं गरोदर सीतेला विचारलं, तुझी काय इच्छा आहे? ती म्हणाली, गंगेकाठचे ऋषींचे आश्रम पाहावेसे वाटतात. त्याच निमित्तानं तिला रथात बसवून नेलं आणि वनात सोडलं. बाईनं तोंडानं एक आवड सांगितली, तिचं असं झालं! आपल्या आयाबाया "मला काय, सगळंच आवडतं" असं का म्हणत आल्या, याचं थोडं उत्तर मला त्या कथेत सापडतं.

पण डोहाळ्यांतही खरं कौतुक पोटातल्या बाळाचं असतं. पेढा निघतो की बर्फी, याकडं सगळ्यांचे डोळे. झोपाळा सुटला, फुलांची वाडी उतरली, की प्रश्नही संपतो.

दहावीतली वही

बरं, आपल्याला आवडीनिवडी नव्हत्याच असंही नाही. माझ्या माहेरच्या ट्रंकेत १९९४ सालची, दहावीची एक वही आहे. तेव्हा शाळा सुटताना मुली मैत्रिणींकडून वह्या भरून घेत. काही जणी त्याला ऑटोग्राफ म्हणत, काही स्लॅम बुक. आवडता रंग, आवडतं फूल, आवडता नट, न आवडणारी गोष्ट, असे प्रश्न आणि पुढं मोकळी जागा. हे खूळही बाहेरचंच. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात घरोघरी अशा वह्या भरून घेत. कार्ल मार्क्ससारख्या गंभीर माणसानंही १८६५ साली आपल्या लेकींसाठी अशी उत्तरं लिहिली होती. आवडता रंग लाल, हे तर ओळखीचंच. आवडता पदार्थ मात्र मासे!

त्या वहीत मी एका दमात सगळं लिहिलं आहे. रंग मोरपंखी. फूल सोनटक्का. न आवडणारी गोष्ट, "उगीच गप्प बसणारी माणसं". सोळाव्या वर्षी ज्या मुलीला हे सगळं पाठ होतं, ती पुढं कुठं गेली?

दहाव्यानंतर आठवड्यानं मी एक शंभरपानी वही घेतली आणि पुन्हा यादी करायला बसले. पहिल्याच ओळीला मी लिहिलं, "भरली वांगी". लिहिलं आणि हसू आलं. भरली वांगी ह्यांना आवडतात. दुसरी ओळ, "मऊ भात". तो धाकट्याला. अर्ध्या तासात माझ्या यादीत घरातली सगळी माणसं आली, फक्त मी आले नाही. तुम्हीही करून पाहा. दहा ओळी लिहा आणि प्रत्येकीपुढं खरं नाव घाला, ही आवड नक्की कोणाची?

याद्या करणाऱ्या थोर मंडळींत

यादी म्हटलं की आपल्याला वाण्याची यादीच आठवते. पण जपानात सुमारे हजार वर्षांपूर्वी राणीच्या पदरी सेई शोनागोन नावाची एक बाई होती. तिनं 'मकुरा नो सोशी', म्हणजे उशीची पोथी, असं एक पुस्तक लिहिलं. त्यात पानंच्या पानं अशा याद्या आहेत. मनाला आनंद देणाऱ्या गोष्टी, काळीज धडधडायला लावणाऱ्या गोष्टी, आणि चीड आणणाऱ्या गोष्टी. आपण घाईत असताना येऊन गप्पा मारत बसणारा पाहुणा तिच्या न आवडत्या यादीत आहे! हजार वर्षांपूर्वीची जपानी बाई आपल्याच आळीतली वाटते की नाही?

आपल्या रामदासस्वामींनीही याद्याच केल्या. दासबोधाच्या दुसऱ्या दशकातला पहिला समास म्हणजे मूर्खाच्या लक्षणांची भली मोठी यादी, आणि दहाव्यात पढतमूर्खाची. समर्थांना काय खपत नव्हतं, ते त्यातून स्वच्छ कळतं. तेव्हा नावडती गोष्ट लिहून ठेवणं म्हणजे कुरकुर, असं मुळीच नाही.

वही कशी करायची?

आता माझ्या अनुभवावरून थोडं सांगते.

एका बैठकीत यादी होत नाही. वही डाळीच्या डब्याशेजारी ठेवा आणि सुचेल तेव्हा एक ओळ लिहा. पुढं तारीख घाला. आवड बदलते, आणि ती कधी बदलली हे पाहण्यातही मौज असते.

नुसतं खाण्यापिण्याचं लिहू नका. वास, आवाज, जागा, दिवसातली वेळ, काम, कापड, बोलण्याची रीत, सगळं लिहा. माझ्या यादीत आता हे आहे: गुऱ्हाळावरून येणारा गरम काकवीचा वास. गर्दी नसेल त्या दिवशी रामदऱ्याच्या देवळाभोवतीच्या पाण्याकडं बघत बसणं. वाळलेले कपडे घड्या घालणं. आणि न आवडणाऱ्यांत: सोलापूर रस्त्यावरचे भोंगे, भांडी घासणं नव्हे पण घासलेली भांडी लावणं, आणि डोळे उघडायच्या आत आलेला "डब्यात काय?" हा प्रश्न.

दोन रकाने पुरत नाहीत, चार करा. पहिला, आवडतं. दुसरा, आवडत नाही. तिसरा, आवडतं पण सोडून दिलं. हा तिसरा रकाना भरताना थोडं जपून, डोळ्यांत पाणी येतं. माझ्या तिसऱ्या रकान्यात पेटी वाजवणं आलं. चौथा, सोसत नाही. 'आवडत नाही' आणि 'सोसत नाही' यांत फरक आहे. कोणाला शेंगदाण्यानं अंगावर उठतं, कोणाला एखादं औषध चालत नाही. घरातल्या प्रत्येकाचा हा चौथा रकाना वेगळ्या कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. अडचणीच्या वेळी डॉक्टरांना तो लागतो.

मुलांची यादी मात्र पक्क्या शाईनं लिहू नका. "आमच्या बंड्याला कारलं आवडत नाही" असं चारचौघांत सांगितलं, की बंड्या ते ब्रीदच करून टाकतो. नवी चव लहान मुलांच्या अंगवळणी पडायला तो पदार्थ आठ-दहा, कधी पंधरा वेळाही समोर यावा लागतो. बळजबरी न करता थोडं थोडं वाढत राहा.

घरातल्या वडीलधाऱ्यांची यादीही करा. साठीनंतर वासाची आणि चवीची जाण हळूहळू कमी होते. "आज भाजीला चवच नाही" हे सासूबाईंचं बोलणं दर वेळी सुनेला टोमणा नसतो. थोडं लिंबू, कोथिंबीर, जिऱ्या-हिंगाची फोडणी द्या. मीठ मात्र वाढवू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ही वही म्हणजे सासरच्यांविरुद्धची फिर्याद नव्हे. न आवडणाऱ्या गोष्टी लिहून झाल्या की त्यांची तीन भागांत वाटणी करा: मी उद्यापासून बदलू शकते, कोणाला तरी सांगावं लागेल, आणि चालवून घ्यायचं. माझ्या वीस गोष्टींपैकी अकरा पहिल्याच भागात निघाल्या. बदलायला कोणी अडवलंच नव्हतं!

सांगायला शिकावं लागतं

सांगण्याचं धाडस मी शिकले ते एका वारकरी बाईकडून. पुण्याहून निघालेल्या दोन पालख्या हडपसरपर्यंत बरोबर येतात. तिथून ज्ञानोबांची पालखी दिवेघाटानं सासवडला जाते आणि तुकोबांची आमच्या लोणी काळभोरला मुक्कामाला येते. त्या दिवशी घरोघरी जेवणं असतात. आमच्या ओसरीवर सत्तरीच्या एक माऊली जेवायला बसल्या होत्या. मी वांग्याची भाजी वाढू लागले, तर पानावर हात आडवा धरून म्हणाल्या, "वांगं नको बाई, मला आवडत नाही. पिठलं दे, आणि ठेचा असला तर बघ." बोलण्यात ना संकोच, ना तोरा. मी ठेचा आणून दिला. वाढताना मला जो आनंद झाला, तो "काहीही चालेल" म्हणणाऱ्या पाहुण्यानं कधी दिला नाही. आपण आवड सांगत नाही, तेव्हा आपल्याला प्रेमानं वाढणाऱ्याचा आनंदही आपण हिरावून घेतो, हे मला त्या ओसरीवर कळलं.

उकळता चहा

मग मी माहेरी सासवडला गेले आणि आईला विचारलं, "आई, तुला काय आवडतं गं?"

"मला काय, सगळंच आवडतं," ती म्हणाली. मला अपेक्षा होतीच. असा थेट प्रश्न विचारला की बायका मिटून जातात. म्हणून मी विषय सोडला. दुपारी दोघी मटार सोलत बसलो, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. बऱ्याच वेळानं आई आपणहून म्हणाली, "मला उकळता चहा आवडतो. कपात ओतल्या ओतल्या, कोणी हाक मारायच्या आत. लग्नाला पंचावन्न वर्षं झाली, तसा चहा फारसा मिळाला नाही."

मी वहीत आईच्या नावाचं पान काढलं आणि तारीख घालून ते लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा केला, तिच्या हातात दिला आणि स्वयंपाकघराचं दार लोटून बाहेर बसून राहिले. बाबांनी दोनदा हाक मारली. दोन्ही वेळा मीच उठले.

सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला आमच्या घरात पहिल्यांदा हुलग्याची शेंगोळी शिजली. शेजारच्या मावशींनी पीठ कसं मळायचं, लसूण किती घालायचा ते दाखवलं. हे दोन वाट्या खाऊन उठले आणि म्हणाले, "हे आपल्याकडं आधी का करत नव्हतो?"

मैत्रिणींनो, त्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. तुमच्या घरात तो उशिरा निघू नये, म्हणून हे लिहिलं. आज दुपारी मागची आवराआवर झाली की वही काढा. पहिलं पान आपलं आणि दुसरं सासूबाईंचं. त्यांना आजच विचारा, शेंगा सोलता सोलता.