पाठांतर आणि मनगट

वैद्यक छंदात बांधण्याची परंपरा आपल्याकडे जुनी. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’चे १२० अध्याय मुख्यतः पद्यात आहेत. छंदातला शब्द गळला तर कानाला लगेच खटकते. आमच्या अवसरी खुर्दमधल्या जुन्या पिढीने पावकी-निमकीही अशीच तालावर पाठ केली.

आजचे विद्यार्थी मनगटाची ८ हाडे आद्याक्षरांच्या ओळीत बांधतात. पण ओळ क्रम सांगते, जागा नाही. म्हणून नाव घेताना बोट त्या हाडावर ठेवावे, असे मला वाटते. अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी खळगी पडते. तीत चिमूटभर तपकीर मावते. तिच्या तळाशी स्कॅफॉइड असते. बांधावरून घसरून हात टेकलेल्या माणसाला तिथे दाबल्यावर दुखले, तर पहिल्या एक्स-रेत काही दिसले नाही तरी हाड मोडलेले असू शकते. त्याला रक्त मुख्यतः बोटांकडच्या बाजूने मिळते. दुखापत नजरेतून सुटली तर कोपराकडचा तुकडा मरू शकतो.

हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये दाखवले, की विसरणे सुरुवातीला झपाट्याने होते, मग मंदावते. तेव्हा पुस्तक मिटून आज, उद्या आणि आठवड्याने स्वतःलाच विचारावे: दुखते कुठे, आणि तिथे कोणते हाड?