कासवीने निवडलेली माती

कासवी पिलांना दूध पाजत नाही, लांबून नुसती पाहते आणि त्या नजरेवर पिले वाढतात, ही वारकरी संतांची लाडकी उपमा. देहू-आळंदीच्या इंद्रायणीकाठी ती शतकानुशतके गायली गेली आहे. प्रत्यक्षात कासवी पिलांना पाहतही नाही. मागच्या पायांनी ती खड्डा खणते, माती कडक असली तर मूत्राने भिजवते, अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. जागा मात्र ती चोखंदळपणे निवडते. ऊन किती, ओल किती, खोली किती. तिचे सारे आईपण या एका निवडीत असते. बंदिवासात कासवांची वीण घ्यायची तर ही निवड माणसाला करावी लागते, आणि ती फार अवघड आहे.

पाठीवर पिवळ्या चांदण्या असणारे स्टार कासव घ्या. त्याची अंडी उबवणीपेटीत साधारण २८ ते ३० अंश सेल्सिअसला ठेवली तर बहुतेक पिले नर निघतात. ३१-३२ अंशांना बहुतेक माद्या. उबवणीच्या साधारण मधल्या तिसऱ्या भागात हा निकाल लागतो. उष्णता नर-मादी कशी ठरवते, याचा एक महत्त्वाचा धागा २०१८ मध्ये हाती आला. आपल्याकडे मत्स्यालयांच्या दुकानांत विकल्या जाणाऱ्या, कानाजवळ लाल पट्टा असलेल्या अमेरिकी कासवावर चिनी आणि अमेरिकी संशोधकांनी प्रयोग केला. केडीएम६बी नावाचे जनुक थंड तापमानाला जोमाने काम करते आणि नर घडवणारी पुढची यंत्रणा सुरू करते. ते दाबून टाकल्यावर नर व्हायच्या तापमानालाही भ्रूण मादीच्या वाटेने वाढले. मऊ पाठीच्या कासवांत मात्र असे घडत नाही. तिथे नर-मादी गुणसूत्रांवर ठरतात.

अंडे हाताळण्याचा नियमही कोंबडीच्या उलट आहे. कोंबडी अंडी फिरवत राहते. कासवाचा भ्रूण वरच्या कवचाला आतून चिकटतो, त्यामुळे अंडे उलटले तर तो मरू शकतो. म्हणून अंडी उचलताना वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करतात. वेळासच्या किनाऱ्यावर सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये सागरी कासवांची अंडी कुंपणातल्या वाळूत हलवून सांभाळायला सुरुवात केली, तिथेही हीच काळजी घ्यावी लागते.

पिले निघाली की खरी परीक्षा सुरू होते. घरी वाढलेल्या कासवाच्या पाठीवर अनेकदा उंचवटे दिसतात. ते जास्त प्रथिनांमुळे येतात, असे पूर्वी मानत. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आफ्रिकी सुलकाटा कासवांची पिले वेगवेगळ्या आर्द्रतेत वाढवली, तेव्हा कोरड्या हवेतल्या पिलांचे उंचवटे स्पष्टपणे मोठे निघाले. प्रथिनांचा परिणाम किरकोळ होता. म्हणजे माळरानावरच्या कासवाच्या पिलालाही ओल हवी, पण उबदार ओल.

पुणे जिल्ह्यातल्या मावळात नेमकी तीच मिळत नाही. लोणावळ्याला वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडे नवलाख उंबरे गावापर्यंत तो बराच कमी होतो, तरी जुलै-ऑगस्टमध्ये अंगण दिवसचे दिवस गार आणि ओले राहते. कोरड्या झुडपी रानातल्या कासवाला हे सोसत नाही. त्याचे नाक वाहू लागते, डोळे सुजतात. आपल्यासारखे श्वासपटल नसल्याने त्याला खोकून कफ बाहेर टाकता येत नाही, आणि संसर्ग फुफ्फुसात मुरतो. घरात खिडकीशी ठेवले तर काच उन्हातले अतिनील-बी किरण अडवते, ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम पोटात जाऊनही हाडाला लागत नाही आणि कवच मऊ पडते. त्यात खायला भात-पोळी. हा जीव ओरडत नाही, म्हणून त्याचे हाल वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात येत नाहीत, हे मला फार अस्वस्थ करते.

स्टार कासव घरी ठेवणे गुन्हा आहे. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या सुधारित वन्यजीव कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहे, आणि २०१९ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक बंधन आले. तरीही चोरटी विक्री थांबत नाही. २०१५ च्या एका अभ्यासाने एकाच व्यापारकेंद्रातून वर्षाला किमान ५५ हजार स्टार कासवे उचलली जात असल्याचा अंदाज मांडला होता. मग पकडलेल्या कासवांची वीण घेऊन पिले रानात का सोडू नयेत? कारण वायव्य भारतातली आणि दक्षिणेतली स्टार कासवे जनुकीयदृष्ट्या वेगळी आहेत. पिशवीत कोंबलेले कासव कुठल्या माळावरचे, हे विक्रेत्याने पुसून टाकलेले असते. अशा अनोळखी आईबापांची पिले भलत्या रानात सोडली, तर तिथली जुळवून घेतलेली वंशरेषा बिघडते आणि बंदिवासातले रोगही सोबत जातात.

पुण्याचे स्वतःचे एक कासव आहे. पुण्याहून गेलेल्या नमुन्यावरून जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८७२ मध्ये मऊ पाठीच्या एका कासवाचे वर्णन केले. त्याला लीथचे कासव म्हणतात. दख्खनच्या नद्यांचा हा रहिवासी आज अतिसंकटग्रस्त आहे. अंडी घालायला त्याला नदीकाठ लागतो, आणि वाळूउपसा तो काठच खरवडून नेतो. माझ्या मते, उबवणीपेटीच्या आधी पैसा या काठांवर खर्च व्हायला हवा.

नवलाख उंबऱ्यात एमआयडीसीच्या शेडपलीकडे अजून भातखाचरे आहेत. मऊ पाठीचे आपले साधे कासव अशाच खाचरांत, ओढ्यांत आणि तळ्यांत राहते. पाणी स्वच्छ ठेवतात म्हणून अशी कासवे विहिरीत सोडण्याची रीत अनेक गावांत आहे. बांधीव विहिरीत त्याला खायला थोडेफार मिळते, पण उभ्या भिंती चढता येत नाहीत. मादी असेल तर अंडी घालायला तिला हातभर मातीही मिळत नाही. हे कासवही पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे विहिरीत सोडणे किंवा घरी आणणे दोन्ही टाळावे. बांधावर दिसले तर तिथेच राहू द्यावे. विहिरीत अडकलेले किंवा जखमी आढळले तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.