भूसंपादनाचा मोबदला : स्वाक्षरीपूर्वी आणि स्वाक्षरीनंतर

कालवा, रस्ता अथवा तलाव यांसाठी शेतजमीन संपादित झाली, की भूसंपादन अधिकाऱ्याचा निवाडा जाहीर होतो आणि पाठोपाठ मोबदला वाटपाचा दिवस ठरतो. खातेदार सातबारा व बँकेचे पासबुक घेऊन येतो, पावतीवर स्वाक्षरी करतो किंवा अंगठा उमटवितो. रक्कम कमी आहे असे मनात असले तरी तो ते कागदावर लिहीत नाही. पुढे वाढीव मोबदला मागायला जावे, तेव्हा नेमकी हीच पावती आडवी येते.

मोबदल्यास निषेध नोंदवून रक्कम स्वीकारण्याची मुभा कायद्याने पूर्वीपासून दिलेली आहे. 1894 च्या भूमिसंपादन अधिनियमातील कलम 31 मध्ये ती होती आणि 1 जानेवारी 2014 पासून अंमलात आलेल्या 2013 च्या अधिनियमातील कलम 77 मध्येही ती कायम आहे. मात्र तिला जोडून एक अट आहे. निषेध न नोंदविता ज्याने रक्कम घेतली, त्याला वाढीव मोबदल्यासाठी आपले प्रकरण प्राधिकरणाकडे पाठविण्याचा अर्ज करता येत नाही. कायद्याचे म्हणणे असे, की त्याने निवाडा मान्य केला. वस्तुस्थिती बहुधा अशी असते, की लग्नकार्य, कर्ज किंवा दुसरीकडे जमीन घेण्याची घाई यांमुळे त्याला पैशाची निकड होती. म्हणून पावतीवर ‘निषेध नोंदवून रक्कम स्वीकारली’ एवढे शब्द लिहावेत. ज्याला लिहिता येत नाही त्याने ते दुसऱ्याकडून लिहवून, वाचून घेऊन मगच अंगठा द्यावा. निषेध नोंदविला म्हणून रक्कम अडवून ठेवता येत नाही.

निषेध लिहिल्याने केवळ हक्क शाबूत राहतो. अर्ज स्वतंत्रपणे करावा लागतो. 2013 च्या अधिनियमाच्या कलम 64 नुसार निवाड्याच्या वेळी खातेदार किंवा त्याचा प्रतिनिधी हजर असेल तर 6 आठवड्यांत, हजर नसेल तर नोटीस मिळाल्यापासून 6 आठवडे किंवा निवाड्यापासून 6 महिने, यांपैकी जी मुदत आधी संपेल तिच्या आत लेखी अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावयाचा असतो. सबळ कारण असल्यास पुढील एक वर्षात तो दाखल करून घेण्याचा अधिकार त्यांना आहे. अर्जात हरकत कशाबद्दल आहे ते स्पष्ट असावे : क्षेत्र, दर, की वाटणी.

दर कसा ठरतो, हेही माहीत असणे इष्ट. मुद्रांक शुल्कासाठीचा शासकीय दर आणि परिसरातील तशाच जमिनींच्या मागील तीन वर्षांतील खरेदीखतांपैकी चढ्या दराच्या निम्म्या व्यवहारांची सरासरी पाहून जो आकडा अधिक तो धरला जातो. खेड्यांत खरेदीखतात किंमत कमी दाखविण्याची प्रथा होती व काही ठिकाणी आजही आहे. वाचविलेल्या मुद्रांक शुल्काची किंमत संपादनाच्या वेळी साऱ्या गावाला मोजावी लागते. ग्रामीण भागात या मूल्यास 1 ते 2 पर्यंतच्या गुणकाने गुणतात. त्यात विहीर, झाडे, बांधकाम यांचे मूल्य मिळवून येणाऱ्या बेरजेइतकीच, म्हणजे 100 टक्के, दिलासा रक्कम देय असते. जमीन सक्तीने घेतली जाते म्हणून द्यावयाची ही रक्कम 1984 पूर्वी 15 टक्के आणि त्यानंतर 30 टक्के होती. याखेरीज बाजारमूल्यावर, अधिसूचनेपासून निवाडा किंवा ताबा यांपैकी जे आधी होईल तोवर, वार्षिक 12 टक्के दराने वाढीव रक्कम मिळते.

या हिशेबामुळेच संयुक्त मोजणीस विशेष महत्त्व आहे. समजा, 2 लाख रुपये मूल्याची विहीर मोजणीच्या पत्रकात राहून गेली, तर दिलासा रकमेसह 4 लाखांचे नुकसान होते. मोजणीच्या दिवशी शेतावर हजर राहून विहीर, जलवाहिनी व फळझाडे यांची नोंद पाहून घेणे हा नंतरच्या कोर्टकचेरीपेक्षा स्वस्त उपाय आहे.

ज्यांनी निषेध नोंदविला नाही, अर्जही केला नाही, त्यांच्यासाठी 1984 च्या दुरुस्तीने कलम 28-अ घातले गेले. नव्या अधिनियमात ते कलम 73 आहे. एकाच अधिसूचनेखाली शेजाऱ्याची जमीन गेली, तो न्यायालयात गेला आणि त्याला वाढीव दर मिळाला, तर घरी बसलेल्या खातेदारालाही त्याच आधारे फेरनिश्चिती मागता येते. धडधाकट व जाणत्या शेतकऱ्यालाच कायद्याचा लाभ मिळतो आणि गरीब, अशिक्षित मागे राहतो, ही विषमता दूर करणे हा या दुरुस्तीचा हेतू होता. परंतु तिची मुदत अवघी 3 महिन्यांची आहे. ती निकालाच्या तारखेपासून मोजली जाते. आपल्याला निकाल केव्हा कळला, हे विचारात घेतले जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कलमाबाबत स्पष्ट केले आहे. शेजाऱ्याचा निकाल लागल्याचे वृत्त वाढीव रक्कम त्याच्या हाती पडल्यावर गावात पसरते, तोवर ही मुदत अनेकदा उलटून गेलेली असते. निकालाची प्रमाणित प्रत मिळविण्यात गेलेले दिवस मात्र मुदतीतून वगळले जातात. त्यामुळे एकाच अधिसूचनेतील खातेदारांपैकी कोणाचे प्रकरण कोठे प्रलंबित आहे आणि पुढील तारीख कोणती, हे इतरांनी लिहून ठेवावे. निकाल लागताच प्रतीसाठी अर्ज करावा.

थेट खरेदीने जमीन दिलेल्या खातेदारास हे मार्ग उपलब्ध नसतात, कारण तेथे निवाडाच नसतो. राष्ट्रीय महामार्गाच्या संपादनात 1956 च्या स्वतंत्र अधिनियमानुसार दराबाबतची तक्रार लवादाकडे न्यावी लागते. हाती आलेली नोटीस कोणत्या अधिनियमाखालील आहे, ते तिच्या मथळ्यातच छापलेले असते.