जुन्या मोटारीस प्लग कोणता?

कोहमाऱ्याहून नवेगांवबांधाकडे जाणाऱ्या रानांतील रस्त्यावर रात्रीं मोटार बंद पडली, तर आंतील मुलांमाणसांची काय अवस्था होईल, हें सांगावयास नको. पुष्कळदां या संकटाचें मूळ चुकीच्या स्पार्क प्लगांत असतें. प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या गाडीस महागांतला प्लग बसविला म्हणजे झालें, ही समजूत बरोबर नव्हे.

ठिणगी पाडणें एवढेंच प्लगाचें काम नाहीं. स्वतःस लागलेली उष्णता त्यानें इंजिनाच्या हेडास पोंचविलीही पाहिजे. टोंकाचें तपमान सुमारें ५०० अंश सेल्सिअसच्या खालीं राहिलें, तर काजळी सांचून ठिणगी क्षीण होते. ८५० च्या वर गेलें, तर ठिणगीपूर्वींच पेट्रोल पेटून पिस्टनास भोंक पडूं शकतें. चिनीमातीचें नाक लांब असेल तो प्लग उष्ण, आंखूड असेल तो थंड. बॉशच्या हल्लींच्या प्लगांवर मोठा अंक उष्ण प्लग दर्शवितो, तर एनजीकेच्या प्लगांवर थंड! म्हणून केवळ अंक न जुळवितां गाडीच्या पुस्तिकेंतील प्रकार पाहावा. आट्यांची लांबीही तीच असावी; अधिक झाल्यास पिस्टन प्लगावर आदळेल.

वापरलेल्या प्लगाचें टोंक फिकट तपकिरी दिसलें, तर निवड योग्य. काळें व तेलकट दिसलें, तर दोष बहुधा झिजलेल्या रिंगांचा. तेथें उष्ण प्लग बसविणें म्हणजे रोग झांकणें होय. विद्यार्थ्यांनो, मिस्त्री प्लग काढील तेव्हां त्याचा रंग अवश्य पाहा.