महापालिकेला अधिकारी किती वेतनात मिळतो?

1 ऑक्टोबर 2016 रोजी पनवेल महापालिका स्थापन झाली तेव्हा 29 गावे तिच्या हद्दीत आली. शेजारचे करंजाडे मात्र बाहेरच राहिले. सिडकोने वसविलेल्या अशा भागांत महापालिकेचा विषय निघाला की चर्चा होते ती करवाढीची. तेथे येणारा अधिकारी कोणत्या वेतनावर येतो, हे सहसा कोणी विचारत नाही.

आयुक्ताची नेमणूक राज्य सरकार करते, त्याचे वेतनही सरकारच ठरविते. ते दिले मात्र जाते महापालिकेच्या तिजोरीतून. नवे पद निर्माण करावयाचे तरी सरकारची मंजुरी लागते. 2019 मध्ये सातवा वेतन आयोग लागू करण्यास परवानगी मिळाली, तीही समकक्ष सरकारी पदाहून अधिक वेतन न देण्याच्या अटीवर. त्यात आस्थापना खर्चाला 35 टक्क्यांची मर्यादा.

शिपाई वा लिपिकाच्या पदाला या श्रेणी आकर्षकच ठरतात. अडते ते वरच्या पायरीवर. विशेषज्ञ डॉक्टर, नगररचनाकार यांना बाजार अधिक देतो. मग प्रतिनियुक्ती, प्रभारी कार्यभार आणि शेवटी सल्लागार! सल्लागाराचे शुल्क वेतनाच्या रकान्यात दिसत नाही, इतकेच.

सारे अधिकार स्थानिक मंडळींना देणेही धोक्याचे. कॅलिफोर्नियातील बेल या छोट्या शहराचा व्यवस्थापक वर्षाला सुमारे 8 लाख डॉलर घेत असल्याचे 2010 मध्ये उघड झाले. बहुतेक नगरसेवकही भरघोस मानधन घेत होते. त्यामुळे विशेषज्ञ पदांपुरती कमाल मर्यादा सरकारने ठरवावी आणि तिच्या आतील आकडा महासभेने जाहीर ठरावाने निश्चित करावा, हे अधिक व्यवहार्य दिसते.