टेबलटॉप भूमिकाखेळांची डिजिटल पुस्तके

टेबलटॉप भूमिकाखेळांची डिजिटल पुस्तके म्हणजे मेजाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या रोल-प्लेइंग गेमचे नियम, पात्रांची माहिती, नकाशे व कथानके असलेली आणि छापील प्रतीऐवजी संगणकावर किंवा मोबाइलवर वाचली जाणारी पुस्तके होत. विक्रीच्या संकेतस्थळांवर त्यांच्यापुढे 'विकत घ्या' असे लिहिलेले असले, तरी खरेदीदाराला सहसा पुस्तकाची मालकी मिळत नाही. ठरावीक अटींवर ते वापरण्याचा परवाना मिळतो. हा परवाना व्यवहारात कितपत टिकाऊ आहे, हे मुख्यतः पुस्तकाची फाइल खरेदीदाराला स्वतःच्या उपकरणात उतरवून ठेवता येते की पुस्तक विक्रेत्याच्या सर्व्हरवरच राहते, यावर अवलंबून असते. भारतात या व्यवहाराला प्रताधिकार अधिनियम, १९५७ आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ यांच्या तरतुदी लागू होतात.

पार्श्वभूमी

या प्रकारातील पहिला व्यावसायिक खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत प्रकाशित केला. खेळात एक जण सूत्रधार असतो व इतर खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतात. अनिश्चित प्रसंगांचा निकाल फाशांवरून ठरतो. सोंगट्या किंवा पट यांपेक्षा नियमपुस्तक हेच या खेळाचे मुख्य साधन असते. एक छापील पुस्तक मेजाभोवती हातोहात फिरते व चार-पाच जणांना पुरते. डिजिटल पुस्तकाच्या बाबतीत हीच साधी गोष्ट परवान्याचा प्रश्न बनते, कारण फाइल दुसऱ्याला देणे म्हणजे तिची नवी प्रत तयार करणे होय.

२००१ मध्ये सुरू झालेले 'आरपीजीनाऊ' आणि २००४ मध्ये सुरू झालेले 'ड्राइव्हथ्रूआरपीजी' ही या पुस्तकांच्या विक्रीची सुरुवातीची प्रमुख संकेतस्थळे होती. ड्राइव्हथ्रूआरपीजीने आरंभी कुलूपबंद फाइली विकल्या. पुढे खरेदीदाराची ओळख नोंदवणाऱ्या वॉटरमार्कची (जलचिन्हाची) पद्धत स्वीकारली.

खरेदीदाराला काय मिळते

वॉटरमार्क असलेली पीडीएफ : पैसे भरल्यानंतर फाइल उतरवून घेता येते. पानांच्या तळाशी खरेदीदाराचे नाव किंवा मागणी क्रमांक छापलेला असतो. फाइलला कुलूप नसल्याने ती कोणत्याही उपकरणावर, इंटरनेट नसतानाही उघडते आणि तिची राखीव प्रत ठेवता येते. 'पाथफाइंडर' या खेळाची प्रकाशक संस्था पायझो हीच पद्धत वापरते. विक्रेत्याच्या खात्यातून फाइल पुन्हा उतरवण्याची सोय ही वेगळी सेवा असून ती कायम राहीलच असे नसते.

खात्यातून वाचायचे पुस्तक : २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'डी अँड डी बियाँड' या संकेतस्थळावर घेतलेले पुस्तक खरेदीदाराच्या खात्याला जोडलेले असते. त्यातील मजकूर शोधता येतो व पात्राच्या नोंदपत्रकात थेट वापरता येतो, परंतु पुस्तकाची पीडीएफ मिळत नाही. आपले पुस्तक गटातील इतर खेळाडूंना दाखवण्यासाठी वरच्या श्रेणीची सशुल्क वर्गणी लागते.

आभासी मेजासाठीचा संच : 'रोल२०', 'फँटसी ग्राउंड्स' किंवा 'फाउंड्री' यांसारख्या आभासी मेजांवर नकाशे, सोंगट्या व नियम तयार संचाच्या रूपात मिळतात. एका मेजासाठी घेतलेला संच सहसा दुसऱ्यावर चालत नाही. त्यामुळे एकाच पुस्तकासाठी पुन्हा पैसे मोजण्याची वेळ येऊ शकते.

छापील प्रतीसह पीडीएफ : काही प्रकाशक छापील पुस्तकासोबत पीडीएफ विनामूल्य देतात. 'बिट्स अँड मॉर्टर' या २०१० पासूनच्या उपक्रमात सहभागी दुकानातून छापील पुस्तक घेणाऱ्यास त्याची पीडीएफ दिली जाते. मात्र छापील प्रत घेतली म्हणजे डिजिटल प्रत मिळतेच, असा सर्वसाधारण नियम नाही.

विक्रीनंतर झालेले बदल

डंजन्स अँड ड्रॅगन्सची प्रकाशक संस्था विझर्ड्स ऑफ द कोस्ट हिने ६ एप्रिल २००९ रोजी आपल्या सर्व पीडीएफची विक्री थांबवली. अनधिकृत प्रतींचा प्रसार हे कारण तिने दिले. विक्रेत्या संकेतस्थळांवरून पूर्वी घेतलेली पुस्तके पुन्हा उतरवण्याची सोयही बंद झाली. ज्यांनी फाइली जपून ठेवल्या होत्या त्यांचे नुकसान झाले नाही. केवळ खात्यावर विसंबून राहिलेल्यांची पुस्तके हातची गेली. जुनी पुस्तके जानेवारी २०१३ मध्ये पुन्हा विक्रीस आली.

मे २०२२ मध्ये डी अँड डी बियाँडवरून दोन पुस्तकांची विक्री थांबवण्यात आली. आधीच्या खरेदीदारांचा प्रवेश मात्र कायम ठेवला गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या आवृत्तीच्या निमित्ताने, पात्रांच्या नोंदपत्रकातील २०१४ च्या आवृत्तीतले मंत्र व जादुई वस्तू यांच्या जागी नवा मजकूर येईल असे या संकेतस्थळाने जाहीर केले. खेळाडूंच्या तीव्र विरोधानंतर काही दिवसांतच हा निर्णय मागे घेण्यात आला.

अशी उदाहरणे या खेळापुरती मर्यादित नाहीत. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑरवेल यांच्या कादंबऱ्यांच्या काही प्रती वाचकांच्या किंडलमधून परस्पर काढून टाकल्या व पैसे परत केले. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा विकलेली पुस्तकेही वाचकांकडून गेली; त्यांचे पैसे परत करण्यात आले.

भारतातील कायदेशीर स्थिती

पुनर्विक्री : प्रताधिकार अधिनियमाच्या कलम १४ नुसार साहित्यकृतीच्या प्रती लोकांना उपलब्ध करून देण्याचा हक्क प्रताधिकारधारकाचा असतो, परंतु आधीच वितरणात आलेल्या प्रती त्यातून वगळल्या आहेत. जुन्या छापील पुस्तकांची खरेदी-विक्री याच आधारावर चालते. त्याच कलमानुसार इलेक्ट्रॉनिक साधनाने कोणत्याही माध्यमात साठवण करणे हेही प्रत तयार करणेच होय. त्यामुळे फाइल दुसऱ्याच्या उपकरणात जाताना नवी प्रत निर्माण होते आणि छापील पुस्तकाची सवलत तिला सरळ लागू होत नाही. युरोपीय न्यायालयाने १९ डिसेंबर २०१९ रोजी टॉम काबिनेट प्रकरणात वापरलेल्या ई-पुस्तकांच्या पुनर्विक्रीविरुद्ध निर्णय दिला.

कुलूप आणि वॉटरमार्क : २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५ए नुसार प्रताधिकाराचा भंग करण्याच्या हेतूने तांत्रिक संरक्षण मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. कलम ६५बी हे हक्क व्यवस्थापनाची माहिती पुसण्याविरुद्ध आहे. मात्र वापरकर्त्याची ओळख पटवण्यासाठीची योजना या माहितीच्या व्याख्येत येत नाही, असे कायद्यातच म्हटले आहे. खरेदीदाराचे नाव पुसणे हे विक्रेत्याच्या अटींचे उल्लंघन ठरू शकते; कायद्याच्या दृष्टीने ते लेखकाचे नाव पुसण्याहून वेगळे आहे.

नियम आणि मजकूर : प्रताधिकार कल्पनेला नसून तिच्या अभिव्यक्तीला असतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या निकालात मांडले. त्यामुळे फाशांची पद्धत स्वतःच्या शब्दांत समजावून सांगता येते. पुस्तकातील परिच्छेद, चित्रे व नकाशे तसेच्या तसे उचलता येत नाहीत.

कर : छापील पुस्तकांवर वस्तू व सेवा कर नाही. छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकांवरील कर २७ जुलै २०१८ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्के करण्यात आला. म्हणजे कराच्या दृष्टीने ई-पुस्तकाचा पुरवठा ही पुस्तकाची विक्री नसून सेवा मानली जाते.

मुक्त परवाने

२७ जानेवारी २०२३ रोजी विझर्ड्स ऑफ द कोस्टने डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचा पायाभूत नियमसंच (५.१) क्रिएटिव्ह कॉमन्स श्रेयनिर्देश ४.० या परवान्याखाली खुला केला. श्रेय दिल्यास त्याच्या प्रती काढता येतात, त्या वाटता येतात आणि त्याचा मराठी अनुवाद करून तो विकताही येतो. हा परवाना मागे घेता येत नाही. विनामूल्य मिळणाऱ्या या मजकुरावर वाचकाला जे हक्क आहेत, ते विकत घेतलेल्या अनेक पुस्तकांवर मिळत नाहीत.

मराठी ई-पुस्तकांशी साम्य

मराठी ई-पुस्तकांच्या वाचकासमोरही हाच भेद असतो. ॲमेझॉनने डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांची पुस्तके आणली. ती किंडलवर किंवा किंडलच्या ॲपमध्ये वाचावी लागतात. पुण्याच्या 'बुकगंगा'ची ई-पुस्तके त्याच संस्थेच्या वाचन ॲपमध्ये उघडतात. याउलट महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या अनेक ग्रंथांच्या पीडीएफ विनामूल्य उतरवून घेता येतात व खात्याविना वाचता येतात.

गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झालेल्या गोंदिया जिल्ह्यात आठ तालुके आहेत. जिल्ह्याचे ठिकाण मुंबई–हावडा लोहमार्गावर, नागपूरपासून सुमारे १३० किलोमीटरवर आहे. येथील खेळाडूला परदेशी छापील नियमपुस्तक मागवताना टपालखर्च व प्रतीक्षा सोसावी लागते. डिजिटल पुस्तक काही मिनिटांत मिळते. परदेशी संकेतस्थळावर कार्डाने पैसे भरण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांनुसार आंतरराष्ट्रीय व्यवहाराची सोय आधी सुरू करून घ्यावी लागते.

सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव यांसारख्या वनव्याप्त तालुक्यांत जेथे मोबाइलचे जाळे क्षीण असते, तेथे खात्यातून वाचायचे पुस्तक ऐन खेळाच्या वेळी उघडेलच याची खात्री नसते. चित्रमय नियमपुस्तकाची पीडीएफ शंभर मेगाबाइटहून मोठी असू शकते, पण ती एकदाच उतरवावी लागते. वैयक्तिक वापरासाठी पाने छापण्याची परवानगी अनेक पीडीएफमध्ये लिहिलेली असते. झेरॉक्सच्या दुकानातून खेळाडूंची नोंदपत्रके काढताना ती उपयोगी पडते.

मोठा फरक सार्वजनिक ग्रंथालयात दिसतो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ खाली मान्यता मिळालेल्या गावातील वाचनालयाला छापील पुस्तक भेट देता येते. ते दाखल नोंदवहीत चढते आणि वर्षानुवर्षे सभासदांच्या हाती जाते. व्यक्तीच्या नावावर घेतलेली पीडीएफ अशी देता येत नाही. कलम ५२(१)(एन) नुसार अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी पुस्तकाची इलेक्ट्रॉनिक साठवण करता येते, पण त्या पुस्तकाची अडिजिटल प्रत ग्रंथालयाकडे आधीच असेल तरच. केवळ डिजिटल स्वरूपात निघालेले पुस्तक या सवलतीबाहेर राहते.

तक्रारीचा मार्ग जिल्ह्यातच उपलब्ध आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील ई-वाणिज्याच्या व्याख्येत डिजिटल उत्पादनांचा समावेश आहे आणि कलम ३४ नुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. २३ जुलै २०२० चे ई-वाणिज्य नियम भारतातील ग्राहकांना पद्धतशीरपणे विक्री करणाऱ्या परदेशी संस्थांनाही लागू आहेत.

खरेदीपूर्वी पाहण्याच्या बाबी

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून, केवळ परवाना देणाऱ्या विक्रेत्याने 'विकत घ्या' असे शब्द वापरताना तो परवाना असल्याचे स्पष्ट सांगणे बंधनकारक झाले. कायमस्वरूपी उतरवून घेता येणाऱ्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. इतरत्र खरेदीदाराला ही माहिती अटींमधून स्वतः काढावी लागते. फाइल उतरवता येते का, ती इंटरनेटविना उघडते का, छापण्याची परवानगी आहे का, गटातील इतरांना दाखवता येते का आणि विक्री थांबल्यास प्रवेश राहतो का, या पाच प्रश्नांच्या उत्तरांवरून किमतीच्या मोबदल्यात नेमके काय मिळते ते ठरते. उतरवलेल्या फाइलची दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर किंवा वेगळ्या डिस्कवर ठेवल्यास विक्रेत्याच्या पुढील निर्णयांचा तिच्यावर परिणाम होत नाही.